कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म: सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या कृष्णधवल फिल्मवर काही रोल काढून झालेले, ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा परस्परसंबंध ठाऊक असलेले आणि आता इन्फ्रारेड फिल्मकडे वळू पाहणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. फिल्म महाग आहे आणि सहज मिळत नाही. त्यामुळे पहिलाच रोल शक्य तितका शिकवून जावा, हा यामागचा हेतू आहे.

इन्फ्रारेड फिल्म नेमके काय टिपते?

माणसाच्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडच्या, म्हणजे गडद लाल रंगाच्या लगतच्या प्रकाशाला निकट अवरक्त किंवा इन्फ्रारेड प्रकाश म्हणतात. आज बाजारात मिळणाऱ्या फिल्म या पट्ट्यात फार दूर जात नाहीत. त्यांची मजल ७४० ते ८२० नॅनोमीटरपर्यंतच असते. तेवढा अरुंद पट्टासुद्धा ओळखीचे दृश्य पार पालटून टाकतो, कारण पाने, आकाश, पाणी आणि त्वचा या पट्ट्यात वेगळ्याच रीतीने वागतात.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात असू द्यावी. इन्फ्रारेड फिल्मला निळा, हिरवा आणि लाल हा नेहमीचा प्रकाशही दिसतोच. फिल्टर न लावता ती वापरली, तर जवळजवळ साध्या कृष्णधवल फिल्मसारखेच चित्र मिळते. दृश्य प्रकाश अडवून केवळ इन्फ्रारेड आत सोडण्याचे काम फिल्टरचे आहे, म्हणून फिल्म आणि फिल्टर यांचा विचार नेहमी जोडीनेच करावा लागतो.

पाने पांढरी आणि आकाश काळे का दिसते?

पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, पण इन्फ्रारेड प्रकाशाला ते जवळजवळ पारदर्शक असते. हा प्रकाश पानाच्या आत शिरतो, तिथल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा वळतो आणि त्याचा मोठा हिस्सा बाहेर परततो. पानांची ही शुभ्रता हरितद्रव्यामुळे येते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती पानाच्या आतल्या रचनेमुळे येते; हरितद्रव्याचा वाटा एवढाच, की ते आड येत नाही. याच कारणाने पूर्ण वाढलेले, रसरशीत पान कोवळ्या पालवीपेक्षा अधिक उजळते.

आकाशाचे कारण निराळे आहे. हवेतील रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात आणि तरंगलांबी वाढेल तसे हे विखुरणे तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते. निळ्या आकाशातून आपल्याकडे इन्फ्रारेड फारच थोडा येतो, म्हणून ते काळवंडते. ढगांमधील थेंब मात्र सर्वच तरंगलांबी सारख्याच विखुरतात, त्यामुळे ढग पांढरेच राहतात आणि काळ्या आकाशावर उठून दिसतात.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० साली अशी निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. त्यांच्या नावावरूनच पानांच्या या शुभ्रतेला वूड परिणाम म्हणतात.

या फिल्मवर शरीराची उष्णता किंवा अंधारातील माणसे दिसतात का?

नाही. साधारण ३७ अंश सेल्सिअसला असलेले शरीर जे प्रारण सोडते, त्याचा भर ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे ९,००० नॅनोमीटरच्याही पुढे असतो. फिल्मची मजल ८२० पर्यंत आहे. उष्णतेची चित्रे काढणारे कॅमेरे हे स्वतंत्र तंत्र आहे. इन्फ्रारेड फिल्मला सूर्याचा किंवा दिव्याचा परावर्तित प्रकाशच लागतो.

आज कोणती फिल्म घ्यावी?

खऱ्या अर्थाने इन्फ्रारेड म्हणता येईल अशी, सध्या तयार होणारी आणि त्यातल्या त्यात सहज मिळणारी फिल्म म्हणजे रोलाय इन्फ्रारेड ४००. तिची संवेदनशीलता सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत जाते आणि ती ३५ मिमी तसेच १२० (मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यांचा रुंद रोल) या आकारांत मिळते. इलफर्ड एसएफएक्स २०० ही दुसरी निवड. ती सुमारे ७४० नॅनोमीटरपर्यंतच पाहते, त्यामुळे तिला विस्तारित लाल संवेदनशीलतेची फिल्म म्हणणे अधिक योग्य ठरेल. रोलायच्या रेट्रो ८०एस, रेट्रो ४००एस आणि सुपरपॅन २०० या फिल्मही ७५० नॅनोमीटरच्या आसपास पोहोचतात.

रोलायच्या या फिल्मचे मूळ बेल्जियममधील आग्फा-गेव्हर्ट कंपनीच्या हवाई छायाचित्रणाच्या फिल्ममध्ये आहे. विमानातून जमिनीची चित्रे घेताना मधल्या हवेचे धुरके कापता यावे म्हणून त्यांची संवेदनशीलता लालच्या पलीकडे वाढवलेली असते. त्यांचा स्वभावतःच तीव्र असलेला कॉन्ट्रास्टही तिथूनच आलेला आहे आणि पुढे डेव्हलपिंग करताना तो लक्षात ठेवावा लागतो.

माझे मत स्पष्ट आहे. पांढरी पाने आणि काळे आकाश हवे असेल, तर सुरुवात रोलाय इन्फ्रारेड ४०० नेच करावी. एसएफएक्स फार गुणी फिल्म आहे, पण खोल इन्फ्रारेड फिल्टरमागे तिच्यासाठी इतका अरुंद पट्टा उरतो की परिणाम सौम्य येतो आणि नवशिक्याला आपले काही चुकले की फिल्मच अशी आहे, हे कळत नाही.

जुन्या पुस्तकांत वाखाणलेली कोडॅकची फिल्म आता मिळते का?

कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड, म्हणजेच एचआयई, सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकत असे. तिचे उत्पादन २००७ मध्ये बंद झाले. कोनिकाची इन्फ्रारेड ७५० बाजारातून गेली, आणि क्रोएशियातील फोटोकेमिका कारखाना २०१२ मध्ये बंद पडल्यावर एफकेची आयआर ८२० देखील गेली. मुदत उलटून गेलेले एचआयईचे रोल अधूनमधून विक्रीला दिसतात. इन्फ्रारेडसाठी वापरलेले रंजक साध्या फिल्मच्या तुलनेत लवकर निकामी होतात, तेव्हा संग्रहाचा छंद असल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

जुन्या चित्रांत पानांभोवती दिसणारी दुधी आभा आजच्या फिल्मवर का येत नाही?

ती आभा इन्फ्रारेडची नव्हतीच. साध्या फिल्मच्या पाठीमागे किंवा थरांमध्ये एक प्रकाशशोषक थर असतो, जो इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, ओलांडून गेलेला प्रकाश मागून परतू देत नाही. एचआयईमध्ये तो थर नव्हता. तीव्र प्रकाश फिल्म ओलांडून मागच्या प्लेटवर आपटे आणि परत येऊन उजळ भागांभोवती पसरे. आजच्या फिल्मवर हा थर असतो, म्हणून चित्र अधिक रेखीव येते. आभा हवीच असेल, तर लेन्सवर सॉफ्ट फिल्टर लावून तिच्या जवळपास जाता येते. मला स्वतःला रेखीव चित्रच अधिक भावते, कारण पानांच्या छटांमधील बारीक फरक त्यात टिकून राहतो.

फिल्टर कोणता घ्यावा?

७२० नॅनोमीटरचा. होया आर७२ या नावाने तो सर्वांत परिचित आहे आणि कोडॅकच्या जुन्या रॅटन फिल्टर-क्रमांकांत तो ८९बी च्या बरोबरीचा मानला जातो. हातात धरून पाहिला तर तो जवळजवळ काळा दिसतो. उजेडात धरल्यावर गडद लाल छटा जेमतेम जाणवते.

२५ किंवा २९ क्रमांकाचा लाल फिल्टर लावल्यास आकाश चांगले गडद होते, पाने थोडी उजळतात आणि कॅमेरा हातात धरून काम करता येते. मात्र लाल प्रकाशच इन्फ्रारेडवर मात करत असल्याने तो खास परिणाम पुरता येत नाही. उलट टोकाला ८३० किंवा ८५० नॅनोमीटरचे फिल्टर आहेत. ते डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ठीक आहेत, पण आजच्या कोणत्याही फिल्मची नजर तिथवर पोहोचत नसल्यामुळे त्यामागे कोरी निगेटिव्हच मिळेल. विकत घेताना काचेवरील किंवा कडीवरील आकडा नीट वाचावा. नुसते इन्फ्रारेड असे लिहिले आहे म्हणून तो फिल्टर आपल्या कामाचा ठरत नाही.

सावधगिरीची एक सूचना इथेच देतो. या फिल्टरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. दृश्य प्रकाश अडल्यामुळे डोळ्यांची बाहुली मोठी होते, डोळे दिपत नाहीत, आणि इन्फ्रारेड मात्र थेट आत जातो.

माझा कॅमेरा चालेल का?

पूर्णपणे यांत्रिक कॅमेरा असेल, तर बहुधा चालेल. अडचण १९९० च्या दशकातील आणि त्यानंतरच्या अनेक इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांत येते. त्यांतील काहींमध्ये, आणि कॅननच्या ईओएस मालिकेतील अनेक मॉडेलमध्ये, फिल्म किती सरकली हे मोजण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटा इन्फ्रारेड दिवा असतो. तो छिद्रांच्या बाजूने फिल्मवर धुरकट पट्टा उमटवतो. आजच्या फिल्मवर हा त्रास एचआयईइतका होत नाही, तरी आपल्या मॉडेलमध्ये असा दिवा आहे की नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

एसएलआर कॅमेऱ्यात दृश्य लेन्समधूनच दिसते, म्हणून आर७२ लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. त्यामुळे कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आधी चौकट ठरवायची, फोकस करायचा आणि मगच फिल्टर चढवायचा, असा क्रम पाळावा लागतो. रेंजफाइंडर आणि दोन लेन्सचे टीएलआर कॅमेरे या बाबतीत भाग्यवान आहेत. त्यांत पाहण्याची वाट वेगळी असते. यशिका-मॅटसारख्या टीएलआरमध्ये खालच्या लेन्सवर फिल्टर ठेवून वरच्या लेन्समधून दृश्य निवांत पाहता येते. घरात असा जुना कॅमेरा पडून असेल, तर त्याला पुन्हा कामाला लावण्याचे याहून चांगले निमित्त नाही.

जुन्या कॅमेऱ्यांचे घडीचे बेलोज (भाते) आणि कापडी पडद्याचे शटर साध्या प्रकाशाला बंद असले तरी जीर्ण झाल्यावर इन्फ्रारेडला फटी देऊ शकतात. शंका वाटल्यास दोन चित्रांच्या मध्ये लेन्सवर झाकण ठेवावे आणि कॅमेरा उन्हात उघडा सोडू नये.

फोकस वेगळा का करावा लागतो आणि तो कसा करतात?

काचेतून जाताना लांब तरंगलांबीचा प्रकाश कमी वळतो, म्हणून इन्फ्रारेडची प्रतिमा दृश्य प्रतिमेच्या किंचित मागे बनते. ती फिल्मवर आणण्यासाठी लेन्स थोडी पुढे सरकवावी लागते. जुन्या मॅन्युअल लेन्सवर यासाठी अंतराच्या मुख्य रेषेशेजारी एक लहान लाल ठिपका, लाल रेघ किंवा आर हे अक्षर कोरलेले असते.

कृती अशी. फिल्टर न लावता नेहमीसारखा फोकस करा. समजा मुख्य रेषेसमोर १० मीटर हा आकडा आला. आता कडी फिरवून तो १० चा आकडा लाल खुणेसमोर आणा. दूरचा डोंगर असेल, तर अनंताचे चिन्ह लाल खुणेसमोर आणा. मग फिल्टर चढवा, आणि चढवताना कडीला हात लागून ती हलू देऊ नका. फिल्टरचे आटे घट्ट असतील तर नेमके हेच घडते.

लेन्सवरील खूण बहुतेक वेळा आजच्या फिल्मपेक्षा खोल इन्फ्रारेड गृहीत धरून केलेली असते. त्यामुळे ७२० ते ८०० नॅनोमीटरसाठी पूर्ण खुणेइतके सरकण्याची गरज नसते आणि निम्म्याहून थोडे अधिक अंतरही पुरते. ही चूकभूल ॲपर्चर सांभाळून घेते. एफ/८ ते एफ/११ वर काम करावे. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/११ ला साधारण साडेसात मीटरवर फोकस ठेवला, तर पावणेचार मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि त्यातून लाल खुणेकडे थोडे सरकवले की इन्फ्रारेडची गरज भागते. लेन्सवर खूणच नसेल, तर हाच मार्ग धरून फोकस किंचित जवळच्या अंतराकडे सरकवावा.

एक्स्पोजर कसे ठरवायचे?

इथे साधा नियम चालत नाही, कारण लाइट मीटर दृश्य प्रकाश मोजतो आणि फिल्मला लागतो तो इन्फ्रारेड. या दोहोंचे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसार, आकाशानुसार आणि प्रकाशाच्या उगमानुसार बदलते. उघड्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. सावलीत प्रकाश निळ्या आकाशाकडून येतो आणि त्यात इन्फ्रारेड फारच कमी असतो, म्हणून मीटर जेवढे सांगतो त्याहून सावली कितीतरी काळी पडते. तारेचा जुना बल्ब इन्फ्रारेडने समृद्ध असतो, तर एलईडी दिव्यात तो जवळपास नसतो.

फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरने मोजमाप घेण्याचा मोह टाळावा. काही मीटरचे सेल स्वतःच इन्फ्रारेडला संवेदनशील असतात आणि प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. फिल्टर काढून मोजमाप घ्यावे आणि आयएसओचा आकडाच खाली आणावा. रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि आर७२ या जोडीसाठी १२ ते ६ हा आकडा धरून चालावे. म्हणजेच ४०० पासून पाच ते सहा स्टॉप खाली. एसएफएक्स २०० साठीही आर७२ मागे साधारण तेवढाच आकडा, म्हणजे चार ते पाच स्टॉप.

कडक ऊन, एफ/१६ आणि आयएसओच्या व्यस्तांकाइतका शटर, हा जुना नियम इथेही उपयोगी पडतो. आयएसओ ६ धरल्यास एफ/१६ ला १/६ सेकंद आणि एफ/११ ला १/१२ सेकंद येतात. यांत्रिक कॅमेऱ्यावर मग एफ/११ कायम ठेवून १/१५, १/८, १/४ आणि १/२ सेकंद अशी चार चित्रे काढावीत. ॲपर्चर बदलू नये, शटर बदलावा, म्हणजे फोकसची खोली चारही चित्रांत सारखी राहते. हे सारे आकडे ट्रायपॉडचे आहेत आणि केबल रिलीज हाताशी असलेला बरा. वेळ एका सेकंदापलीकडे गेला, तर फिल्मचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून तिथे हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा.

ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याची अशी वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे काढणे, ही फिल्मची उधळपट्टी आहे, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. एकेक चित्र काढत गेलेला रोल संपतो आणि आपल्या हाती एकही खात्रीचा आकडा लागत नाही. चार चित्रांच्या दोनतीन मालिका काढल्या, की आपला कॅमेरा, आपला फिल्टर आणि आपल्या भागातले ऊन यांचा मेळ कायमचा कळतो, आणि पुढचे रोल काटकसरीने वापरता येतात.

पहिल्या रोलवर काय काढावे?

एक निरभ्र किंवा तुरळक पांढरे ढग असलेला दिवस निवडा. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा. चौकटीत उन्हातले डेरेदार झाड, आकाशाचा मोठा भाग आणि जमल्यास पाणी, असे तिन्ही असू द्या. पहिले चित्र फिल्टरशिवाय आयएसओ ४०० वर काढा, मग त्याच जागेवरून फिल्टरसह चार. त्यानंतर तेच झाड सूर्याच्या विरुद्ध बाजूने. वहीत प्रत्येक चित्रापुढे वेळ, ॲपर्चर, शटर, फोकसचे अंतर आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवा. डेव्हलप झालेली निगेटिव्ह आणि ही वही एकमेकांशेजारी ठेवून वाचली, की बाकीचे शिक्षण तिथेच होते.

निगेटिव्ह तपासताना ती खिडकीसमोर किंवा लाइट बॉक्सवर धरा. उन्हातली पाने दाट काळी दिसली पाहिजेत, पण त्यांच्यात एका फांदीवरून दुसरी वेगळी ओळखता यावी. आकाश जवळजवळ स्वच्छ पारदर्शक असेल, ते ठीकच आहे. खोडांच्या सावलीच्या बाजूला काहीतरी पुसट तरी तपशील उमटला आहे का, ते पाहा. तो ज्या चित्रात प्रथम दिसू लागतो, तेच आपले एक्स्पोजर.

महाराष्ट्रात याला योग्य हंगाम कोणता?

पाऊस ओसरल्यानंतरचा, म्हणजे सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर. या दिवसांत सह्याद्री गच्च हिरवा असतो, हवा धुऊन निघालेली असते आणि ऊन कडक पडते. मावळातली भातखाचरे, घाटमाथ्यावरची कारवी, गावाबाहेरचे वड आणि आंब्याच्या राया हे सारे उन्हात पांढरे होते, आणि बेसॉल्टचा कातळ मात्र काळाच राहतो. गडाची तटबंदी आणि तिच्यावर माजलेली झाडी यांत इतका ठळक फरक साध्या फिल्मवर कधीच मिळत नाही, कारण तिथे दोन्ही करड्या रंगाच्या शेजारशेजारच्या छटा होतात. धरणांचे निवळलेले पाणी इन्फ्रारेड शोषते आणि वर काळे आकाशच परावर्तित करते, त्यामुळे ते शाईसारखे दिसते. पावसाळ्यातले गढूळ पाणी मात्र राखाडी येते.

कोकण आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा विचार वेगळा करावा. हा लाल दगड आर७२ मागे बराच उजळतो, त्यामुळे जांभ्याची भिंत आणि तिच्यामागची माडांची झाडी एकमेकांत मिसळण्याचा संभव असतो. तिथे भिंत सावलीत असतानाची वेळ धरावी.

एप्रिल-मेमध्ये परिणाम का फिका वाटतो, असे अनेक जण विचारतात. वाळलेले गवतही इन्फ्रारेडमध्ये उजळच असते, परंतु ते डोळ्यांनाही उजळच दिसते, म्हणून चित्रात काही नवे घडल्यासारखे वाटत नाही. जे डोळ्यांना गडद दिसते तेच चित्रात पांढरे होते, तेव्हाच ही फिल्म आपले काम दाखवते. उन्हाळ्यात त्यामुळे सदाहरित झाडे शोधावीत. महाबळेश्वर-आंबोलीकडच्या जंगलात किंवा शहरातल्या जुन्या बागांत ती सापडतात.

धुके आणि धुरके यांतून ही फिल्म आरपार पाहते का?

धुरक्यातून बऱ्याच अंशी, धुक्यातून अजिबात नाही. दूरच्या डोंगरांवर पसरलेले निळसर धुरके अतिसूक्ष्म कणांचे असते आणि इन्फ्रारेड त्यात कमी विखुरतो, म्हणून हरिश्चंद्रगडासारख्या उंच ठिकाणावरून दूरच्या रांगा साध्या फिल्मपेक्षा स्पष्ट येतात. पावसाळी धुक्यातील थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात. तिथे फिल्टर असून नसून सारखाच.

माणसांची चित्रे काढता येतील का?

येतील, पण ती व्यक्तीला आधी सांगून काढावीत. इन्फ्रारेड त्वचेत थोडे आत शिरून परततो, त्यामुळे डाग आणि सुरकुत्या मवाळ होतात, चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, आणि डोळ्यांची बुबुळे गडद दिसतात. ओठ फिके पडतात. कपड्यांचा भरवसा देता येत नाही. अनेक काळे रंग इन्फ्रारेडमध्ये उजळ निघतात, आणि डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन कापडांपैकी एक पांढरे आणि एक काळे येऊ शकते. १/८ सेकंदासारख्या वेळेत माणसाला स्थिर बसवावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

रोल भरताना आणि काढताना कोणती काळजी घ्यावी?

रोलाय इन्फ्रारेडचा आधार पारदर्शक पॉलिएस्टरचा आहे. बाहेर राहिलेल्या टोकावर पडलेला प्रकाश फिल्मच्या आतल्या आत वाहत कार्ट्रिजमध्ये शिरतो आणि पहिली काही चित्रे धुरकटतात. म्हणून रोल काळ्या डबीतच ठेवावा आणि दाट सावलीत, शक्यतो खोलीच्या आत दार ओढून भरावा. उघड्यावर असाल, तर चेंजिंग बॅग (हात घालायला बाह्या असलेली प्रकाशबंद पिशवी) वापरावी. काढल्याबरोबर रोल पुन्हा डबीत टाकावा. १२० चा रोल सैल सुटू देऊ नये. एचआयई संपूर्ण अंधारातच भरावी लागे, तितकी कडक अट आज नाही, पण भर उन्हात रोल बदलण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

घरी डेव्हलप करता येईल का?

अवश्य. रसायने नेहमीचीच लागतात. डी-७६ किंवा आयडी-११, एचसी-११०, रोडिनाल या डेव्हलपरांपैकी जे हाताशी आणि सवयीचे असेल ते वापरावे आणि वेळ फिल्मच्या उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावी. रीलवर फिल्म संपूर्ण अंधारात चढवावी. डार्करूममधला लाल दिवा या फिल्मला चालत नाही. लाल प्रकाशासाठी तर ती बनवलेलीच आहे. चेंजिंग बॅग दोन थरांची आणि न विटलेली असावी. प्लॅस्टिकच्या नेहमीच्या टाक्या चालतात.

आधी पाण्याने धुतल्यास रंगीत पाणी बाहेर येते. ते फिल्मवरील रंगाचे असते, त्याने घाबरून जाऊ नये.

आपल्याकडे खरी अडचण तापमानाची आहे. तक्ते २० अंश सेल्सिअससाठी असतात आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी ३० अंशांच्याही वर जाते. एका घमेल्यात पाणी आणि बर्फ घेऊन त्यात डेव्हलपर, स्टॉप आणि फिक्सर यांच्या बाटल्या उभ्या कराव्यात आणि तिन्हींचे तापमान एकाच पातळीवर आणावे. २० जमत नसेल, तर २४ वर स्थिर राहावे आणि वेळ तक्त्यानुसार कमी करावी. ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमान उडी मारत असेल, तर ते मात्र घातक आहे. धुण्याचे पाणीही शक्य तितके त्याच्या जवळ ठेवावे.

कॉन्ट्रास्ट आधीच तीव्र असल्यामुळे टाकी सतत हलवत राहू नये. मिनिटातून एकदा हळुवार उलटसुलट करणे पुरते. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर डेव्हलपर बनवण्यासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरावे, नाहीतर वाळलेल्या थेंबांचे डाग काळ्या आकाशाच्या जागी नेमके उठून दिसतात.

रोल लॅबमध्ये दिल्यास काय सांगावे?

ही कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म आहे, रंगीत निगेटिव्हच्या यंत्रात घालायची नाही, आणि ती संपूर्ण अंधारात हाताने टाकीत चढवायची आहे, एवढे डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. काही व्यावसायिक डार्करूममध्ये अंधारात दिसण्यासाठी इन्फ्रारेड दुर्बिणी वापरतात आणि काही स्वयंचलित यंत्रांत इन्फ्रारेड सेन्सर असतात. त्यांबद्दल आधी विचारून घ्यावे. लॅबला हा सारा प्रश्न नवा वाटत असेल, तर रोल घरी डेव्हलप करणेच श्रेयस्कर.

स्कॅन करताना काही वेगळे करावे लागते का?

स्कॅनरमधली धूळ आपोआप पुसण्याची सोय बंद ठेवावी. ती सोय फिल्मवर इन्फ्रारेड किरण टाकून धूळ ओळखते, आणि कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी ते किरण अडवते. परिणामी चित्राचे तपशीलच धूळ समजून पुसले जातात. हे कोणत्याही चांदीच्या कृष्णधवल फिल्मला लागू आहे. निगेटिव्ह दाट असेल, तर पानांचा भाग जपून स्कॅन करावा आणि कॉन्ट्रास्ट नंतर वाढवावा. कागदावर प्रिंट काढताना मात्र नेहमीचा लाल दिवा चालतो, कारण कागद साधाच असतो. मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या, ग्रेडपासून सुरुवात करून पानांमधील छटा आधी सांभाळाव्यात.

डिजिटल कॅमेऱ्यात इन्फ्रारेड सोपे असताना फिल्म कशासाठी?

डिजिटल सेन्सर इन्फ्रारेडला फिल्मपेक्षा जास्त संवेदनशील असतात, पण त्यांच्यापुढे तो प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. ती काढून टाकलेला कॅमेरा हातात धरून चालतो आणि निकाल लगेच दाखवतो. ज्याला रोज असे काम करायचे आहे, त्याने तोच घ्यावा. फिल्मची ओढ वेगळ्या कारणांनी आहे. घरातला कोणताही यांत्रिक कॅमेरा कायमचा बदल न करता एका रोलपुरता इन्फ्रारेड होतो, मोठ्या आकाराची निगेटिव्ह मिळते, आणि दाण्यांचा जो पोत उन्हातल्या पानांवर येतो तो मला अन्यत्र सापडलेला नाही.

रोल साठवायचे आणि प्रवासात न्यायचे कसे?

न वापरलेले रोल मूळ पाकिटात, हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर लगेच पाकीट फोडू नये. दमट हवेत थंड फिल्मवर पाणी धरते, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात. खोलीच्या तापमानाला येण्यासाठी तिला दोनतीन तास द्यावेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोल ठेवू नयेत आणि चित्रे काढून झाल्यावर डेव्हलपिंग फार लांबवू नये.

विमानतळावर फिल्म हातातल्या सामानात ठेवावी. चेक-इन सामानावरचे किरण अधिक तीव्र असतात. नव्या प्रकारचे सीटी स्कॅनर तर हातातल्या सामानातील फिल्मलाही धोका पोहोचवतात, म्हणून रोल पारदर्शक पिशवीत वेगळे काढून ते हाताने तपासण्याची विनंती नम्रपणे करावी. मात्र तपासणाऱ्याने डबी उघडण्यापूर्वी आतली फिल्म उजेडाला किती संवेदनशील असते, हे त्याला आधी सांगावे आणि रोल डबीबाहेर काढावाच लागला, तर तो सावलीत, क्षणभरासाठीच काढू द्यावा.